नाशिकमध्ये म्हाडाचे घर कोणाला मिळते: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सवलतीच्या दरातील घरे सर्वांत गरीब कुटुंबाला आधी मिळतात, हा नाशिकमध्ये खोलवर रुजलेला समज आहे. वस्तुतः महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण, म्हणजेच म्हाडा, अर्जदारांची गरजेनुसार क्रमवारी लावतच नाही. उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या अर्जदारांची संगणकीय सोडत काढली जाते आणि आपापल्या प्रवर्गात प्रत्येकाची संधी सारखी असते. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी २०२२ मध्ये सुधारलेल्या निकषांनुसार वार्षिक ६ लाख रुपयांपर्यंतचे कुटुंब अत्यल्प उत्पन्न गटात, तर ६ ते ९ लाखांचे अल्प उत्पन्न गटात येते. त्यामुळे अंबड-सातपूरच्या कारखान्यांत महिना पंधरा हजारांवर राबणारा कंत्राटी कामगार आणि पन्नास हजार कमावणारे दांपत्य एकाच सोडतीत उतरतात. कामगाराला घर लागले, तरी वेतनाच्या पक्क्या पुराव्याअभावी बँक कर्ज नाकारू शकते, आणि मग निवड नियम नव्हे, तर किंमत करते. या व्यवस्थेतील सर्वांत मोठा अन्याय हाच आहे.

उत्पन्न म्हणजे एकत्र कुटुंबातील सर्वांची कमाई, ही समजूतही चुकीची आहे. येथे पती-पत्नीचेच एकत्रित उत्पन्न धरले जाते, त्यामुळे कमावत्या भावामुळे कोणी अपात्र ठरत नाही. नाशिकची घरे नाशिककरांनाच मिळतात असेही नाही, कारण अट महाराष्ट्राच्या अधिवासाची, म्हणजे राज्यातील दीर्घ वास्तव्याच्या दाखल्याची असते. घर नसण्याच्या अटीबाबत मात्र योजनेगणिक फरक पडतो: प्रधानमंत्री आवास योजनेत कुटुंबाच्या नावे भारतात कोठेही पक्के घर नसावे लागते.

ही सर्व घरे सरकारच बांधते, हा समजही अपुराच आहे. २०१३ च्या तरतुदीनुसार दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील खासगी निवासी प्रकल्पात २० टक्के घटक अत्यल्प व अल्प उत्पन्न गटांसाठी राखावा लागतो आणि त्याचे वाटप म्हाडाच्या सोडतीतून होते. नाशिकमध्ये अशी घरे म्हाडाकडे पुरेशी आलीच नाहीत, हा आक्षेप २०२२ मध्ये विधिमंडळात गाजला होता. जी घरे हाती येत नाहीत, त्यांच्यासाठी पात्रतेचे निकष कितीही नेमके आखले तरी ते कागदावरच राहतात. म्हणून शासनाने हा वाटा काटेकोरपणे वसूल करावा आणि ६ लाखांच्या मर्यादेखाली, कर्जाची हमी देऊन, सर्वांत कमी उत्पन्नाचा स्वतंत्र उपगट निर्माण करावा.