डाग गेले, रोग गेला का?

मैत्रिणींनो, समुद्रातले रंगीत मासे आपल्यापैकी कितीतरी जणींनी पहिल्यांदा पाहिले ते मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली ते सुरू झालं. पुढे २००३ मध्ये ‘फाइंडिंग निमो’ हा सिनेमा आला आणि मुलांनी नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशसाठी हट्ट धरला. आता समुद्रापासून इतक्या लांब, आपल्या अहिल्यानगरातही एखाद्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी दिसते. हौस मुलांची, पण खाणं घालायचं, काच पुसायची, पाणी बदलायचं काम मात्र आईचं!

सावेडीतल्या माझ्या एका मैत्रिणीकडे नवा मासा आणला आणि आठवड्याभरात सगळ्यांच्या अंगावर मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके उठले. मासे दगडाला अंग घासू लागले, खाईनात, भराभर श्वास घेऊ लागले. चार-पाच दिवसांत ठिपके आपोआप गेले. सगळ्यांना वाटलं, सुटलो! पण पुढच्या खेपेला ते दुपटीनं आले आणि दोन मासे दगावले. धाकटा त्या रात्री जेवला नाही.

असं का होतं? हा रोग एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो, त्याचं नाव क्रिप्टोकॅरिऑन. लेकीच्या डोक्यातल्या उवा आठवा. उवा काढल्या तरी लिखा राहतात आणि आठवड्यानं पुन्हा खाज सुरू होते. इथंही तसंच. परजीवी तीन ते सात दिवस माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत राहतो, मग गळून वाळूत, दगडावर कोष करून बसतो. कोषातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात आणि मासा शोधतात. म्हणजे ठिपके जातात तेव्हा रोग गेलेला नसतो, तो टाकीच्या तळाशी असतो!

गोड्या पाण्यातल्या माशांनाही पांढरे ठिपके येतात. तिथं पाणी थोडं गरम करणं, मीठ घालणं असे उपाय करतात. ते इथं चालत नाहीत. मुळात मिठातच राहणाऱ्याला मिठाचं काय!

उपाय दोन भागांत करायचा. पहिला भाग माशांचा. ठिपके नसलेलेही धरून सगळे मासे बाहेर काढायचे. दोन टब घ्यायचे, दोन्हींत हवेचा पंप हवा. दर तीन दिवसांनी मासे एका टबातून दुसऱ्यात हलवायचे, असं चार वेळा. दर वेळी पाणी ताजं, पण खारटपणा आणि उष्णता तीच. रिकामा टब धुऊन कडकडीत वाळवायचा. गळून पडलेला परजीवी फुटायच्या आत मागेच राहतो. दुसरा मार्ग तांबंयुक्त औषधाचा. ते वेगळ्या टाकीतच, टेस्ट किटनं रोज मोजून, सांगितलेले दिवस पुरे होईपर्यंत द्यायचं. कमी पडलं तर परजीवी मरत नाही, जास्त झालं तर मासा मरतो.

दुसरा भाग मूळ टाकीचा. ती कमीत कमी सहा आठवडे माशांविना ठेवायची; जाणकार तर अकरा आठवडे सांगतात. मासाच न मिळाल्यानं परजीवी संपतो. कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ तिथंच राहू द्या, त्यांना हा रोग होत नाही. मात्र त्या टाकीत तांब्याचं औषध थेंबभरही घालू नका. कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ त्यानं मरतात आणि वाळू-दगड ते शोषून ठेवतात. तांब्याच्या हंड्यातलं पाणी आपण चांगलं म्हणून पितो, टाकीत मात्र ते ओतू नका. खारं पाणीही स्वयंपाकाच्या मिठाचं नको. मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मिश्रणच वापरा, लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम.

हा रोग माणसाला होत नाही, तेव्हा घाबरू नका. पण जाळी, बादली दोन टाक्यांत एकच वापरू नका. टाकी नकोशी झाली तर मासे सीना नदीत सोडू नका, सांभाळणाऱ्या कुणाला तरी द्या.

आणि नवा मासा आणला, की मुलं कितीही मागं लागली तरी त्याला महिनाभर वेगळा ठेवा. दुकानातून आला आणि थेट टाकीत गेला, असं होऊ देऊ नका. एक जादा टब, एक पंप आणि थोडा धीर, एवढ्यावर बाकीच्या माशांचे जीव वाचतात.