मालेरीचे दात

नागपूरकरांना हिस्लॉप हे नाव परिचित आहे ते १८८३ साली स्थापन झालेल्या महाविद्यालयामुळे. मात्र एका नामशेष माशालाही हे नाव लाभले आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये मिशनरी म्हणून नागपुरात आले. धर्मप्रसार आणि शाळा हे त्यांचे नियत कार्य; परंतु सहकारी रॉबर्ट हंटर ह्यांच्यासमवेत सवड मिळेल तेव्हा खडक पारखीत हिंडणे हा त्यांचा व्यासंग होता. नागपूरच्या दक्षिणेस, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातील मालेरी (आता तेलंगणात) येथील तांबड्या मृदखडकांत त्यांना विलक्षण आकाराचे दात सापडले. एका बाजूने गुळगुळीत, तर दुसऱ्या बाजूस कोंबड्याच्या तुऱ्यासारख्या धारा! भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे थॉमस ओल्डहॅम ह्यांनी १८५९ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. दात 'सेराटोडस' ह्या फुप्फुसमीनाचे होते. त्यांच्या दोन जातींना 'हिस्लॉपियानस' आणि 'हंटेरियानस' अशी नावे मिळाली.

सुमारे बावीस कोटी वर्षांपूर्वीचा हा मासा. कल्ल्यांच्या जोडीला फुप्फुस, आणि परांच्या बुडाशी हाडामांसाचा देठ. अशाच मांसल परांच्या माशांपासून पुढे चार पायांचे प्राणी उत्क्रांत झाले. फुप्फुसमीनाचा सांगाडा बराचसा कूर्चेचा, त्यामुळे तो सहसा नष्ट होतो. मागे उरतात ते टणक दात. एवढ्या भांडवलावर अख्खा प्राणी उभा करणे हे धाडसच म्हणावयाचे, आणि त्या काळी तो तपासून पाहण्यास जिवंत साक्षीदार नव्हता.

तो भेटला १८७० मध्ये, ऑस्ट्रेलियात. क्वीन्सलँडच्या नद्यांतील एक मोठा मासा तेथील वसाहतकरी 'सॅमन' समजून खुशाल खात असत! सिडनीच्या संग्रहालयाचे गेरार्ड क्रेफ्ट ह्यांनी त्याचे दात पाहिले आणि जीवाश्मांतील दातांशी असलेले साम्य त्यांनी ओळखले. जातभाई जिवंत होता. (आज त्याला 'निओसेराटोडस' म्हणतात.)

हिस्लॉप ह्यांना मात्र हे कळावयाचे नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना, बोरीजवळ पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. एल. सी. मायल ह्यांनी मालेरीच्या दातांवर सविस्तर प्रबंध लिहिला तो १८७८ मध्ये. तेव्हा तुलनेसाठी जिवंत माशाचा जबडा उपलब्ध झाला होता.