काटकसर करू, पण औषधात आणि झोपेत नको



घाटकोपरचे रमाबाई नगर असो, मुलुंडची डोंगरउतारावरची वस्ती असो की बोरिवलीची चाळ, आपल्या घरांतली कमाई तुकड्यातुकड्यांची. सकाळी दोन घरची धुणीभांडी, दुपारी घरी माळा ओवणे किंवा कपड्यांचे धागे कापणे, लग्नसराईत केटरिंगच्या पोळ्या. पुरुष कधी नाक्यावर, कधी डिलिव्हरीवर, कधी रात्रीच्या वॉचमनकीवर. खोली छोटी, सामान मोजके. यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, हे नीट ठरवायला हवे.

भगवान बुद्धांनी भिक्खूला कमीत कमी वस्तूंवर राहायला शिकवले. तरी त्याच्या चार गरजांत चीवर, भिक्षान्न आणि निवाऱ्याबरोबर औषध आहे. त्याच्या आठ वस्तूंत पाणी गाळायचे साधनही आहे. घरदार सोडणाऱ्यालाही औषध आणि स्वच्छ पाणी सोडायला सांगितलेले नाही. आपण तर संसारी माणसे.

तास मोजा. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४६च्या दुरुस्तीने कारखान्यातले काम आठवड्याला ४८ तासांवर आले. पण तीन ठिकाणच्या कामांची बेरीज कोणताही मालक करत नाही. ती आपणच करायची. एक आठवडा कॅलेंडरवर लिहा: कामाचे, चालण्याचे, पाणी भरण्याचे आणि झोपेचे तास. झोप रोज सात तासांच्या खाली जात असेल, तर ज्या कामात तासाला सर्वांत कमी पैसे सुटतात, ते आधी सोडा. अपुऱ्या झोपेने बीपी आणि साखर वाढते.

इथे वाचवू नका. बीपीची गोळी 'आज बरे वाटते' म्हणून बंद करू नका; बीपी बहुतेक वेळा काही त्रास न देताच वाढतो. कामाच्या घरी संडास वापरू देत नाहीत म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीची जळजळ आणि इन्फेक्शन होते. वापरू देण्याची गोष्ट काम धरतानाच बोला. सकाळी नुसत्या चहावर निघू नका. रात्रीची भाकरी आणि मूठभर भिजवलेले चणे खा. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, अंगी लागत नाही.

इथे वाचवा. पत्र्यावरचे आणि पोटमाळ्यावरचे भंगार विकून टाका. त्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास साधारण आठवड्यात तयार होतो. पिंप मात्र लागतेच. ते झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडे करा. साध्या तापाला महागडे सलाइन लावून घेऊ नका. आधी पालिकेच्या दवाखान्यात जा. मोठ्या आजाराला घाटकोपरला राजावाडी, मुलुंडला अगरवाल, कांदिवलीला शताब्दी आणि अंधेरीकरांना कूपर जवळ आहे. खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला, तर बेडक्याची तपासणी आणि टीबीचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

रोजंदारीच्या माणसाला पगारी सुट्टी नाही. आजार वाढला की पंधरा दिवसांची कमाई जाते आणि वर कर्ज होते. वेळेवर घेतलेली गोळी हीच आपली खरी बचत.