मोबाइलमधील अ‍ॅप्स : केव्हा मिटावीत, केव्हा राहू द्यावीत



स्मरणिकेसाठी बालरोगतज्ज्ञाने लिहायचे म्हणजे लसीकरण, कुपोषण किंवा अतिसार यांपैकी काहीतरी असणार, अशी आपली अपेक्षा असेल. या वर्षी विषय थोडा वेगळा घेतला आहे. मात्र त्याची सुरुवात माझ्या दवाखान्यातच झाली.

गेल्या पावसाळ्यात नार्नूर मंडळातील एका गुड्यावरून एक माता सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाला अपस्माराचा विकार. औषध दोन वेळा नियमित चालू होते आणि बरेच महिने झटका आलेला नव्हता. त्या पहाटे तो आला. चौकशी करता, लागोपाठ तीन दिवस संध्याकाळची मात्रा चुकल्याचे निष्पन्न झाले. "डाक्टरसाहेब, रोज आठ वाजता मोबाइल वाजे, मंग औषध देत होती मी. आता वाजतच नाही तो, काय करू?" ती म्हणाली. फोन हाती घेऊन पाहिला. मुलाच्या मोठ्या भावाला कोणीतरी सांगितले होते, की रोज सगळी अ‍ॅप्स झाडून बंद करावीत, म्हणजे बॅटरी टिकते. त्या झाडलोटीत औषधाची आठवण देणारे, बाहेरून उतरवून घेतलेले अ‍ॅपही रोज निघून जात होते.

मी त्या मुलाला रागावू शकलो नाही. कारण दवाखाना बंद करताना दिवे मालवावेत त्याप्रमाणे रोज रात्री फोनमधील सर्व अ‍ॅप्स मिटविण्याची सवय मलाही होती. त्यामागचे शास्त्र मी त्यानंतरच समजून घेतले. ते आपल्यापुढे ठेवतो.

फोनमध्ये दोन प्रकारची स्मृती असते. एक कायमची साठवण, म्हणजे आपल्या दवाखान्यातील केसपेपरचे कपाट. दुसरी तात्पुरती, जिला रॅम म्हणतात, म्हणजे समोरचे टेबल. अ‍ॅप उघडले की त्याचा पसारा कपाटातून टेबलावर येतो. आपण दुसऱ्या अ‍ॅपकडे वळलो, की पहिल्याचे काम बहुधा स्थगित होते. पसारा टेबलावर राहतो, पण त्यावर कोणी काम करीत नाही. परत त्याच अ‍ॅपकडे आलो, तर ते जिथे सोडले तिथूनच क्षणात पुढे चालू होते.

आता मुख्य गैरसमज पाहू. 'अलीकडील अ‍ॅप्स' म्हणून पडद्यावर जी पत्त्यांसारखी रांग दिसते, ती चालू असलेल्या अ‍ॅप्सची यादी नव्हे. ती आपल्या बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदवहीसारखी आहे. आज कोण कोण येऊन गेले ते तिच्यात दिसते. नाव दिसले म्हणून रुग्ण अजून बाकावर बसला आहे असे होत नाही. रांगेतील कित्येक अ‍ॅप्स प्रत्यक्षात केव्हाच टेबलावरून उचलली गेलेली असतात. टेबल भरत आले, की फोनची कार्यप्रणालीच प्राधान्य ठरविते. समोर दिसणारे अ‍ॅप सर्वांत महत्त्वाचे, त्याखालोखाल गाणे वाजविणे किंवा मार्ग दाखविणे असे काम खरोखर करणारे, आणि बराच वेळ न पाहिलेले स्थगित अ‍ॅप सर्वांत शेवटचे. जागा हवी असेल तेव्हा या शेवटच्यांना ती स्वतःच काढून टाकते. आपण मदत करण्याची आवश्यकता नसते.

मग बॅटरीचे काय? रॅम भरलेली असो वा रिकामी, तिला लागणाऱ्या विजेत लक्षणीय फरक पडत नाही. उलट पूर्ण मिटविलेले अ‍ॅप पुन्हा उघडताना सारा पसारा कपाटातून नव्याने मांडावा लागतो आणि प्रोसेसरला ते श्रम पुन्हा करावे लागतात. दिवसातून वीस वेळा उघडण्याचे अ‍ॅप वीस वेळा मिटविल्यास बचत न होता थोडा खर्चच होतो. मार्च २०१६ मध्ये एका ग्राहकाने ॲपलला विचारले होते, की बॅटरीसाठी अ‍ॅप्स बंद करणे आवश्यक आहे काय? ॲपलचे क्रेग फेडेरिघी यांनी दिलेले उत्तर नकारार्थी होते. त्याच सुमारास अँड्रॉइडचे प्रमुख हिरोशी लॉकहायमर यांनीही तसाच निर्वाळा दिला. शिवाय २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून 'डोझ' ही व्यवस्था आली. फोन पडदा मालवून स्थिर पडलेला असला, की पार्श्वभूमीवरील कामे ती आपोआप लांबणीवर टाकते.

अ‍ॅप कधीच मिटवू नये, असा याचा अर्थ नाही. औषधाप्रमाणे यालाही निर्देश आहेत. अ‍ॅप अडकून पडले असेल, पडद्यावरील स्पर्शाला प्रतिसाद देत नसेल, तर ते अवश्य मिटवावे. मुक्काम गाठल्यावरही मार्गदर्शक नकाशा चालूच असेल, तर तो थांबवावा. उपग्रहावरून स्थान शोधण्याचे काम वीज खाते. काही न करता फोन तापत असेल, तर सेटिंग्जमधील बॅटरीच्या पानावर कोणते अ‍ॅप अधिक वीज घेते ते पाहावे आणि केवळ त्याचाच बंदोबस्त करावा. ताप आला म्हणून सरसकट सर्वांना प्रतिजैविक देणे जितके अयोग्य, तितकेच हे सरसकट झाडणे.

आता प्रत्यक्ष कृती. तळाशी तीन खुणा असलेल्या अँड्रॉइड फोनवर चौकोनाची, काही फोनवर तीन रेषांची, खूण दाबली की अलीकडील अ‍ॅप्सची रांग दिसते. बहुतेक फोनवर तीच खूण लागोपाठ दोनदा दाबली, की लगेच आधीचे अ‍ॅप समोर येते. रुग्णाचा अहवाल पाहता पाहता मात्रेचा हिशोब करताना ही युक्ती फार उपयोगी पडते. खुणा नसलेल्या फोनवर तळापासून बोट वर सरकवून क्षणभर थांबावे, म्हणजे रांग दिसते. तळाच्या रेषेवरून बोट आडवे सरकविल्यास आधीचे अ‍ॅप येते. आयफोनवर होम बटण असेल तर ते दोनदा दाबावे. २०१७ च्या आयफोन एक्सपासून पुढे आलेल्या बिनबटणाच्या नमुन्यांवर तळापासून वर सरकवून मध्यावर थांबावे. रांगेतील एखादे अ‍ॅप मिटवायचे असल्यास त्याचा पत्ता वर सरकवावा. काही जुन्या फोनवर तो बाजूला सरकवावा लागतो. होम बटण दाबून मुख्य पडद्यावर येणे म्हणजे अ‍ॅप मिटविणे नव्हे, हेही ध्यानात असावे.

सेटिंग्जमध्ये 'सक्तीने थांबवा' असाही एक पर्याय असतो. तो पत्ता सरकविण्याहून कठोर आहे. तसे थांबविलेले अ‍ॅप पुन्हा हाताने उघडेपर्यंत गजर वाजवीत नाही की संदेशाची सूचना देत नाही. आणि येथेच त्या मुलाच्या आजाराचे कारण दडलेले होते. काही बनावटींच्या फोनमध्ये बॅटरी वाचविण्याच्या अतिउत्साहात नुसता पत्ता सरकविणे किंवा 'सर्व साफ करा' दाबणे हेही जवळजवळ सक्तीने थांबविण्यासारखेच ठरते. रात्रीच्या तातडीच्या संदेशांसाठी फोन उशाशी ठेवणाऱ्या आपणा डॉक्टरांना हे कळणे अगत्याचे आहे. सकाळी अ‍ॅप उघडल्यावर रात्रीचे दहा संदेश एकदम येऊन पडतात, त्याचे कारण दर वेळी नेटवर्क नसते.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. डोंगराआडच्या गुड्यांवर आणि तांड्यांवर नेटवर्क क्षीण असते. बाळाच्या झटक्याचे चित्रण निदानासाठी अमूल्य असते आणि ते पाठविण्यास मी पालकांना आवर्जून सांगतो. परंतु ते पूर्ण जाण्यापूर्वीच अ‍ॅप मिटविले, तर अर्ध्यावर अडकू शकते. चित्रण पोहोचल्याची खूण दिसेपर्यंत ते अ‍ॅप मिटवू नये, हे पालकांना आणि आपल्या आशा व अंगणवाडी कार्यकर्त्यांनाही सांगावे. नार्नूरचा समावेश २०२३ साली सुरू झालेल्या आकांक्षित तालुका कार्यक्रमात झाला आणि उत्तम कामाबद्दल २०२५ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचा गौरवही झाला. पोषण ट्रॅकरसारख्या अ‍ॅप्समुळे आज बालकांच्या वजन-उंचीच्या नोंदी फोनवरच होतात. तेव्हा फोन नीट वापरणे हा आता आरोग्यसेवेचाच भाग झाला आहे.

बालरोगतज्ज्ञ म्हणून एक सूचना केल्यावाचून राहवत नाही. दोन वर्षांखालील मुलाच्या हाती फोन देऊच नये. मोठ्या मुलाला काही दाखवायचेच असेल, तर अँड्रॉइडमधील 'अ‍ॅप पिन' किंवा आयफोनमधील 'गायडेड अ‍ॅक्सेस' वापरावे. मग मूल त्या एका अ‍ॅपमधून बाहेर पडून आपल्या रुग्णांच्या छायाचित्रांत किंवा पैशांच्या व्यवहारांत शिरत नाही.

त्या मातेच्या फोनमध्ये आम्ही कंपनीने मुळातच दिलेल्या घड्याळात सकाळ-संध्याकाळचे दोन गजर लावले; ते अ‍ॅप्स झाडल्यानंतरही वाजतात, याची तिच्यासमोर खात्री करून घेतली. 'सर्व साफ करा' दाबायचे नाही, हे भावाला समजावले. त्याशिवाय एक कागदी दिनदर्शिका दिली आणि मात्रा दिली की त्या तारखेवर फुली मारायला सांगितले. पुढच्या भेटीत तिने ती दिनदर्शिका टेबलावर उलगडली. दोन महिन्यांत एकही चौकट रिकामी नव्हती. आपल्याकडे येणाऱ्या दीर्घ उपचाराच्या रुग्णांना, औषधे नियमित घेता ना, असे विचारतानाच आठवण कशाने राहते, हेही विचारावे; आणि उत्तर 'मोबाइल' असे आले, तर तो एकदा हाती घेऊन पाहावा, एवढीच विनंती.