एका फोटोत न मावणारा चंद्र

त्रिपुरारी पौर्णिमा जवळ आली की खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. त्यातला एक नमुना ठरलेला: स्वर्गमंडपाच्या छतातलं गोल आकाश, बरोबर मधोमध पूर्ण चंद्र, त्याच्यावरचे डाग स्पष्ट आणि खालच्या खांबांवरचं कोरीवकामही तितकंच स्पष्ट. फोटो देखणा असतो, यात वाद नाही. पण नुसत्या चांदण्यात, एका क्लिकमध्ये तो निघू शकत नाही.

कोल्हापूरहून नृसिंहवाडी, कुरुंदवाड करत गेलं की शिरोळ तालुक्याच्या टोकाला, कृष्णेच्या काठी हे गाव लागतं. शिलाहारांच्या काळात, बाराव्या शतकात मंदिर उभं राहिलं. पुढच्या शतकाच्या आरंभीचा यादवराजा सिंघणाचा शिलालेखही तिथं आहे. गाभाऱ्यापुढे सभामंडप आणि त्याच्यापुढे स्वर्गमंडप. या मंडपाचं छत मध्यभागी मुद्दामच उघडं ठेवलं आहे. सुमारे १३ फूट व्यासाचं वर्तुळ, त्याला पेलणारे १२ खांब आणि खाली जमिनीवर जवळपास तेवढीच गोल शिळा.

पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो. कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या १५ ते २१ अंश दक्षिणेला गेलेला असतो, म्हणून चंद्र साधारण तितकाच उत्तरेला येतो. खिद्रापूरचा अक्षांश १७ अंशांच्या किंचित आत. त्यामुळे मध्यरात्रीच्या आसपास चंद्र जवळजवळ डोक्यावर येतो. चंद्राची कक्षा ५ अंशांनी कललेली असल्यानं काही वर्षी तो मध्यापासून थोडा सरकतो, एवढंच. शिल्पकारांनी हे गणित मांडूनच वर्तुळ उघडं ठेवलं, असं ठामपणे सांगितलं जातं. मला ते घाईचं वाटतं. या अक्षांशावरच्या कुठल्याही उघड्या चौकात त्या रात्री चंद्र माथ्यावरच येणार.

सूर्याचंही तसंच. मेच्या आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूर परिसरात शून्य सावलीचे दिवस येतात. तेव्हा भर दुपारी या वर्तुळातून ऊन सरळ खाली उतरतं. रोमच्या पँथिऑनला, म्हणजे सातव्या शतकापासून चर्च असलेल्या त्या प्राचीन वास्तूला, घुमटात असंच भोक आहे. पण रोम ४२ अंशांवर असल्यानं तिथं सूर्य कधीच माथ्यावर येत नाही. उन्हाचा गोल कायम तिरका पडतो.

आता कॅमेरा काढू. दुपारच्या उन्हात उजेड १ लाख लक्सच्या आसपास असतो. आत गाभाऱ्याकडे गेलं की तो जेमतेम काही लक्सवर येतो. उजेड दुप्पट झाला की फोटोग्राफर त्याला एक स्टॉप म्हणतात. हा फरक १३-१४ स्टॉपचा किंवा त्याहून जास्त. चांगल्या कॅमेऱ्याचा सेन्सर कसाबसा तेवढा पेलतो, छापील कागद तर त्याच्या निम्माही नाही. डोळ्याला मात्र अडचण जाणवत नाही, कारण डोळा एका क्षणात सगळं पाहतच नाही. तो उजेडाकडून अंधाराकडे फिरतो आणि फिरताना स्वतःला जुळवून घेतो. पूर्ण अंधाराला सरावायला त्याला अर्धा तास लागतो, पण त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

कोल्हापूरला हा झगडा नवा नाही. स्वतःचा चित्रपट कॅमेरा घडवणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या काळात फिल्म इतकी मंद होती की चित्रीकरण उन्हाच्या भरवशावर चाले. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये रात्रीची दृश्यं घेण्यासाठी त्यांनी कृत्रिम दिवे वापरले.

पौर्णिमेच्या रात्री प्रश्न आणखी विचित्र होतो. पूर्ण चंद्राचा उजेड उन्हाच्या सुमारे ४ लाख पट कमी. पण खुद्द चंद्रावर तर लख्ख ऊन पडलेलं असतं! त्याचा फोटो काढायचा तर दिवसाचंच माप लावावं लागतं: आयएसओ १००, एफ ११, सेकंदाचा शंभरावा भाग. चंद्रावरचे काळे डाग बेसाल्टचे आहेत आणि कोपेश्वराचा दगडही बेसाल्टच. म्हणजे फोटोच्या चौकटीत एकाच जातीचा दगड दोनदा येतो, एकदा उन्हात आणि एकदा चांदण्यात, आणि दोघांत १८ ते १९ स्टॉपचं अंतर. चंद्राच्या मापानं खालची शिळा उजळवायची तर शटर तासाभराहून अधिक वेळ उघडं ठेवावं लागेल. आयएसओ १६०० आणि एफ २.८ केलं तर सुमारे १५ सेकंदांत भागतं. पण तेवढ्यात चंद्र आपल्या व्यासाच्या आठव्या हिश्शाइतका सरकतो आणि पांढराफटक गोळा होऊन बसतो. खांबांवर तर थेट चांदणंही नसतं. शिळेवरून उसळलेल्या उजेडावरच त्यांची गुजराण.

पणत्या आणि दिवे लावले की हे अंतर काही स्टॉपनी घटतं. उरलेलं भरून काढायला वेगवेगळ्या मापांचे दोन-तीन फोटो घेऊन ते जोडतात. त्यासाठी कॅमेरा तसूभरही हलता कामा नये, म्हणून ट्रायपॉड हवा, आणि संरक्षित स्मारकात त्याला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. अशी जोडणी मला गैर वाटत नाही. डोळाही वेगळं काही करत नाही.

गैर ते दुसरंच. काही फोटोंत चंद्र परातीएवढा होऊन ते वर्तुळ जवळजवळ भरून टाकतो. चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. छत कॅमेऱ्यापासून ५ मीटरवर धरलं, तर वर्तुळाच्या व्यासाच्या नव्वदाव्या हिश्शाइतका तो दिसायला हवा. लेन्स कुठलीही लावा, हे प्रमाण बदलत नाही; बदलायचं तर कॅमेराच दूर न्यावा लागतो. चंद्रानं १३ फुटी वर्तुळ काठोकाठ भरायचं असेल, तर फोटोग्राफरला स्वर्गमंडपाखाली ४०० मीटरहून खोल विहीर खणून तळाशी बसावं लागेल.