फुंकरीनंतरची काच

शिराळ्याहून पेठ नाक्यावरून कराड गाठलं आणि विट्याच्या रस्त्याला लागलं की ओगलेवाडी येते. वीज घरोघर पोचण्याआधीच्या पिढीला हे गाव ठाऊक होतं ते प्रभाकर कंदिलामुळे. ओगले बंधूंनी १९१६ साली तेव्हाच्या औंध संस्थानात काचेचा कारखाना उभारला आणि कंदिलाला वडिलांचं नाव दिलं. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, पण उद्योगांच्या बाबतीतही हात सढळ. किर्लोस्करवाडी वसली तीही त्यांच्याच मुलखात. त्याआधी, १९०८ मध्ये, तळेगाव दाभाड्याला पैसाफंडाचा काच कारखाना सुरू झाला होता. माणशी एक पैसा मागून जमवलेल्या निधीतून आणि जपान-अमेरिकेत शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या ज्ञानावर.

काचेला लागते पांढरी, सिलिकायुक्त वाळू. शिराळ्याकडच्या वारणा नदीच्या पात्रातली वाळू काळपट, म्हणजे सह्याद्रीच्या बेसॉल्टचा चुरा. त्यातल्या लोहानं काच हिरवी-काळी पडते. शुद्ध दिसणाऱ्या वाळूतही किंचित लोह असलं तरी काचेच्या कडेला हिरवट झाक येते. महाराष्ट्रात सिलिका वाळू म्हटली की सिंधुदुर्गातल्या कासार्ड्याचं नाव निघतं. वाळूत सोडा घातला की ती कमी तापमानाला वितळते, पण नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळते. म्हणून चुना घालावा लागतो.

भट्टीतला रस साधारण अकराशे अंशांवर असतो. पोकळ लोखंडी फुंकणीचं टोक त्यात बुडवून फिरवलं की मधासारखा गोळा चिकटून येतो. आता फिरवणं थांबलं तर गोळा एका अंगाला ओघळणार. कारागीर नळी फिरवत राहतो, हलकी फुंकर मारतो, फुगा लाकडी साच्यात धरतो. साचा पाण्यानं भिजवलेला असतो. गरम काच टेकताच वाफेचा पातळ थर तयार होतो आणि काच त्या थरावर फिरते, म्हणून अंगावर सांधा उमटत नाही. कंदिलाच्या काचेची मग दोन्ही टोकं कापून कडा आचेवर गुळगुळीत करायच्या.

हे जमतं ते काचेच्या एका स्वभावामुळे. पाणी शून्य अंशाला एकदम गोठतं, काच मात्र अशी ठरावीक तापमानाला गोठत नाही. ती निवताना घट्ट, आणखी घट्ट होत जाते, आणि तिचे अणू रांगेत लागायच्या आधीच जागच्या जागी अडकतात. या मधल्या अवस्थेत तिला हवं तसं वळवता येतं.

घोळ सुरू होतो तो फुंकर संपल्यावर. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसतो आणि दोघांची ओढाताण काचेत कायमची कोंडली जाते. वस्तू वरून सुरेख, पण चमचा लागला तरी फुटावी अशी. म्हणून ती साधारण साडेपाचशे अंशांवर धरून ठेवतात आणि मग सावकाश निववतात. याला इंग्रजीतून आलेला शब्द ॲनीलिंग. पातळ वस्तूला काही तास पुरतात, जाडजूड शिल्पाला कित्येक दिवस लागतात. कंदिलाच्या तापल्या काचेवर पावसाचा थेंब पडला की ती तडकायची, तेही याच आकसण्यामुळे. तेवढाच भाग आकसतो, भोवतालचा जागचा हलत नाही. पातळ काच त्यातल्या त्यात बरी, कारण तिच्यात उष्णता लवकर सारखी होते. कढत चहानं तडकतो तो जाड बुडाचा ग्लास.

काच फुंकणं कारखान्यातून कलावंताच्या हाती आलं ते अमेरिकेत, १९६२ साली. कुंभारकला शिकवणाऱ्या हार्वे लिटलटन यांनी टोलेडोच्या संग्रहालयाच्या आवारात छोटी भट्टी लावली. पहिला रस जमेना. तेव्हा डॉमिनिक लॅबिनो या तंत्रज्ञानं फायबरग्लाससाठी बनवलेल्या काचगोट्या वितळवायला सुचवल्या आणि काम सुरू झालं. कौतुक झालं ते या कलावंतांच्या कामाचं. ओगलेवाडीसारख्या कारखान्यांतल्या कारागिरांना मात्र कुणी कलावंत म्हटलं नाही, ते कामगारच राहिले.

काचकलेचा आणखी एक प्रकार म्हणजे फ्यूज्ड, म्हणजे वितळवून जोडलेली काच. तिला फुंकणीही लागत नाही. कापलेले तुकडे एकावर एक रचून विजेच्या भट्टीत आठशे अंशांच्या आसपास तापवले की ते एकजीव होतात. सोपं वाटतं, पण इथं प्रसरणाचा हिशेब आडवा येतो. साधी काच शंभर अंशांनी तापली तर मीटरमागे जवळजवळ ०.९ मिलिमीटर वाढते, प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट जेमतेम ०.३३. या दोन जोडल्या तर निवताना तडा गेलाच समजा. दोन रंगीत काचांतला फरक याहून थोडा असला, तर तुकडा भट्टीतून धड निघतो आणि आठवड्यानं कपाटात आपोआप फुटतो. म्हणून जाणते लोक एकाच जातीच्या काचा वापरतात किंवा एकाच तावदानाचे तुकडे.

भंगारातल्या काचांवर हात बसवायचा असेल, तर एक चाचणी घरीच होते. लॅपटॉपचा पडदा पांढरा ठेवून त्यासमोर दोन काचा जोडून निवलेला तुकडा धरायचा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघायचं. गॉगल फिरवत पडदा काळा झाला की थांबायचं. सांध्याभोवती उजळ कडा दिसली, तर त्या काचांचं आपसात जमलेलं नाही.