एका गावाची दोन नावं

वेल्सच्या वायव्येला अँगलसी नावाचं बेट आहे. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये मेनायची चिंचोळी सामुद्रधुनी. तिच्या काठावरच्या एका छोट्या गावाला इंग्रजीत ‘मेनाय ब्रिज’ म्हणतात, म्हणजे मेनायचा पूल. वेल्श बोलणारे मात्र त्याला ‘पोर्थाइथ्वी’ म्हणतात. यातल्या ‘पोर्थ’चा अर्थ होड्या लागण्याची जागा. एका नावात पूल आहे, दुसऱ्यात होडी. गावाचा सगळा इतिहास या दोन नावांत आला.

पूल नव्हता तेव्हा बेटावरची माणसं होडीनंच पलीकडे जात. पाणी अरुंद, पण भरवशाचं नाही. भरती दोन्ही टोकांनी आत शिरते, खडकांपाशी भोवरे उठतात. 1785च्या डिसेंबरात याच सामुद्रधुनीच्या दक्षिण टोकाशी एक होडी बुडाली. आतल्या 55 जणांपैकी एकच वाचला. बाजाराला न्यायची गुरं तर पाण्यात उतरवून पोहतच पलीकडे नेत. कित्येक वाहूनही जात.

मग पूल आला. पण तो काही या गावकऱ्यांसाठी बांधला नव्हता. 1801मध्ये आयर्लंड ब्रिटनला जोडलं गेलं आणि डब्लिनचे खासदार, तिथली टपाल यांना लंडनचा रस्ता जवळचा हवा झाला. हा रस्ता अँगलसीच्या होलीहेड बंदरावरून जात होता. थॉमस टेलफर्ड या अभियंत्यानं 1819मध्ये काम सुरू केलं. शिडाची उंच जहाजं खालून जायला हवीत, म्हणून रस्ता भरतीच्या पाण्यापासून शंभर फूट उंच ठेवला आणि 579 फुटांचा मधला भाग 16 लोखंडी साखळ्यांवर तोलला. 30 जानेवारी 1826 रोजी पूल खुला झाला.

होडीवाल्यांचा धंदा गेला. पुलाच्या तोंडाशी मात्र दुकानं, खानावळी, घरं उभी राहिली आणि गाव वाढलं.

1980पासून मोठी रहदारी शेजारच्या ब्रिटानिया पुलावरून जाते. तरी ऑक्टोबर 2022मध्ये जुन्या पुलाचे लोंबते गज धोक्याचे ठरून तो अचानक बंद झाला, तेव्हा गावातल्या दुकानदारांचं गिऱ्हाईक तुटलं. फेब्रुवारी 2023मध्ये पूल पुन्हा खुला होईपर्यंत त्यांनी कसेबसे दिवस काढले. दोनशे वर्षांपूर्वी होडीवाल्यांवर आली तीच वेळ आता पुलावर जगणाऱ्यांवर आली होती.

गावच्या पाटीवर आजही दोन्ही नावं आहेत.